भागीरथाबाईचं माहेर

स्मरणिका काढणारी मंडळी गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली होती. त्यांना 'आपल्या शहराची ओळख' असा लेख हवा होता. दुर्ग-भिलाई हे कसं व्यापाराचं ठाणं, डोंगरांच्या वेशीवरचं येण्याजाण्याचं शहर, चारी दिशांच्या माणसांना त्यानं कसं पोटाशी धरलं, वगैरे वगैरे. त्यातला एक जण म्हणाला, "वसुंधराबाई, तुम्ही इथल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. जरा गोड लिहा." मला मधुमेह आहे, गोड चालत नाही, असं सांगून मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. राग मात्र घरातच राहिला. पोटाशी धरलं म्हणे! कुणाला पोटाशी धरलं आणि कुणाला दारात उभं करून जन्माचा दाखला मागितला, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्यातला एक दाखला माझ्याच हातून बिघडला होता. तेव्हा शहराची ओळख दुसरं कुणी तरी लिहील. मी भागीरथाबाईबद्दल लिहिते.

माझे आजोबा इंग्रजांच्या अमदानीत कचेरीत नोकरीला म्हणून दुर्गला आले आणि इथेच राहिले. आम्हाला कुणी कधी विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही कुठले? पांढरपेशाला सहसा कुणी विचारत नाही.

कारखाना येण्याआधीचं दुर्ग म्हणजे स्टेशन, कचेरी, बाजार आणि पडाव. डोंगरातून आणि जंगलातून बैलगाड्या यायच्या. हिरडा, लाख, मोह, चिंच, बांबू, तेंदूपत्ता. माल स्टेशनच्या गोदामात उतरायचा आणि मालगाडीनं कुठच्या कुठे जायचा. परतीच्या गाड्यांत मीठ, रॉकेल, कापड आणि नांगराचे फाळ भरलेले असत. माल उतरून नवा भरेपर्यंत गाडीवानांना दोन दिवस लागत, कधी चार. तेवढे दिवस ते पडावावर राहत. पडाव म्हणजे स्टेशनामागचं मोकळं सरकारी मैदान, त्यात दोन चिंचेची झाडं आणि एक विहीर. तिथे कायमचं राहायचं असं कुणाच्या मनातही येत नसे. भागीरथाबाई मात्र तिथे बावीस वर्षं राहिली.

तिचा नवरा जानराव डोंगरापलीकडच्या भंडारा जिल्ह्यातला, गाडीवान. एका खेपेला पडावावर त्याचा बैल मेला. एका बैलावर गाडी चालत नाही, म्हणून तो गोदामात हमालीला लागला आणि नव्या नवरीला तिथेच झोपडी बांधून दिली. भागीरथाबाई गाडीवानांना भात रांधून घालू लागली. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची नाही तर एखादी पालेभाजी. पुढे जानराव पटकीच्या साथीत गेला. गंज चुलीवरून उतरला नाही.

तोंडानं ती फटकळ होती. पान टाकून उठणाऱ्याला शिव्या घालायची, बैलाला उपाशी ठेवणाऱ्याला जेवायला वाढायची नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तिचे दोन प्रश्न ठरलेले. "कोनतं गाव?" आणि लगेच, "मायचं गाव कोनतं?" आईचं गाव तिच्या ओळखीचं निघालं की ताटात वरण जास्त पडे. पुढे एका रशियन साहेबालाही तिनं तेच विचारलं होतं. दुभाष्यानं सांगितल्यावर त्यानं हसून कसलंसं नाव घेतलं. ते तिला म्हणता आलं नाही, पण वरण त्यालाही जास्तच पडलं.

स्वतःच्या आईच्या गावाचा तर तिला केवढा तोरा! सालेकसा स्टेशनापासून आत दोन कोस, कोसमटोला. तिच्या लोकांत पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, त्यात आजही बदल नाही. सातव्या महिन्यात माहेरचं माणूस न्यायला येतं. ज्या बाईचं पहिलं मूल सासरी जन्मतं, तिला पुढे विहिरीवरच्या भांडणात 'बिनमायची' म्हणून ऐकावं लागतं. न्यायला कुणी आलं नाही, म्हणजे हिला मागे कुणी नाही. छत्तीस साली भागीरथाबाईचा भाऊ छकडा घेऊन आला होता. डोंगरातून चार मुक्काम करत तो तिला घेऊन गेला. आई मैनाबाई गावची सुईण. तिनं लेकीचं बाळंतपण स्वतः केलं, नातवाची नाळ स्वतःच्या हातानं कापली. सव्वा महिन्यानं भागीरथाबाई बाळ घेऊन पडावावर परतली. ही गोष्ट तिनं मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी छकड्याच्या बैलांना नवी झूल घातलेली असे.

ते बाळ म्हणजे हिरालाल. सव्वा महिन्याचा असल्यापासून त्यानं दुर्गचंच पाणी प्यायलं. माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकला. हिशेबात पक्का, शुद्धलेखनात ढ.

छप्पन साली नोव्हेंबरच्या एक तारखेला राज्यं नव्यानं पाडली. आदल्या दिवसापर्यंत आमचं दुर्ग आणि पलीकडचा भंडारा एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशी भंडारा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. डोंगर होते तिथेच होते. दरेकशाचा बोगदा तोच, त्यातून जाणारी पॅसेंजर तीच. पण बोगद्यापलीकडची माणसं एका रात्रीत बाहेरची झाली. मी शाळेत नवा नकाशा शिकवला, रंगीत खडूनं डोंगरावरून रेघ ओढली आणि मला त्या रेघेचं काही म्हणजे काही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. दुसऱ्यावर तोंड टाकायचं तर आधी आपलं झाकलेलं उघडावं.

त्याच सुमारास रशियन मदतीच्या पोलाद कारखान्यासाठी भिलाईचा माळ उकरायला सुरुवात झाली होती. ट्रक आले आणि बैलगाड्या संपल्या. पडावावर लोखंडाचे ढीग पडू लागले. भागीरथाबाईची चूल तिथून उठवली, मग दुसऱ्या कोपऱ्यातून उठवली, मग मैदानालाच तारेचं कुंपण घातलं. ती गंज डोक्यावर घेऊन भिलाईच्या मजूर कॅम्पात गेली आणि तिथे पत्र्याच्या झोपडीत पुन्हा भात शिजवू लागली. आता तिच्या पंगतीला पंजाबी ड्रायव्हर, उडिया गवंडी, तेलुगू बिगारी, मल्याळी फिटर. सगळ्यांना तेच दोन प्रश्न.

हिरालाल एका ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागला. खलाशी म्हणजे उंचावर चढून अवजड लोखंड दोरखंडानं आणि क्रेननं जागेवर बसवणारा. भट्टीच्या सांगाड्यावर उभा राहून तो नुसत्या हाताच्या खुणांनी क्रेन चालवायचा. बोट वर, बोट खाली, मूठ बंद. दहा-दहा टनांचा तुकडा त्याच्या बोटावर थांबे. रशियन इंजिनिअर त्याला नावानं हाक मारत. पण काम ठेकेदाराचं. भट्टी उभी राहिली की खलाशी रस्त्यावर. मग अठ्ठावनच्या अखेरीस बातमी आली, की ठेकेदाराकडच्या चांगल्या माणसांना कारखाना पक्कं करून घेणार. पक्कं म्हणजे टोकन, गेटवर दाखवायचा नंबराचा बिल्ला. टोकन म्हणजे क्वार्टर, दवाखाना आणि म्हातारपणापर्यंतचा भात. बावीस वर्षं सरकारी मैदानात आणि दोन वर्षं पत्र्याखाली काढलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच भिंतीवर नंबर असलेलं घर दिसू लागलं होतं. ते घर त्या एका टोकनावर अवलंबून होतं.

फॉर्म भरायला ती दोघं माझ्याकडेच आली. दुसरं कोण होतं त्यांना? रविवार होता. मी चष्मा लावला, दौत जवळ ओढली. जन्मस्थानाच्या रकान्यापाशी आले तेव्हा हिरालाल खाकरला.

"बाई, तठी दुर्ग लिवा."

"का रे? तू तर कोसमटोल्याचा."

"साइटवर सारे म्हनून राहिले, का बाहेरचं गाव लिवलं तं नाव कटते. आधी इथल्या लोकाइले घेऊन राहिले म्हन्ते."

मी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. चौथीतल्या मुलाकडे पाहावं तसं. "सरकारी कागद आहे, हिरालाल. खोटं लिहायचं? हेच शिकवलं मी तुला?"

भागीरथाबाईही माझ्याच बाजूनं उभी राहिली. तिला वाटलं, पोरगा तिच्या माहेराचीच लाज धरतोय. "बराबर हाये बाईचं," ती कडाडली. "माह्या मायच्या घरी झाला तू. मायच्या हातावर झाला. ते कावून लपवाचं? आपन का चोर आहो?"

आणि मी माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : मुक्काम कोसमटोला, जिल्हा भंडारा. खाली रेघ ओढली. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. आयुष्यात मला इतका राग कुणाचा आला असेल तर त्या रविवारच्या वसुंधराबाईचा.

यादी लागली. हिरालालनं ज्यांना क्रेनच्या खुणा शिकवल्या त्या दोघांची नावं यादीत होती. त्याचं नव्हतं.

भागीरथाबाईनं मला शाळेतून उचललं आणि कचेरीत नेलं. कोणती कचेरी ते सांगत नाही, तिथल्या कारकुनाचं नावही सांगत नाही. पंचविशीतला, तेल लावून भांग पाडलेला पोरगा. फॉर्म काढून त्यानं माझ्याच अक्षरावर बोट ठेवलं. "माताजी, आप लोग तो बम्बई राज के हो. यहाँ पहले यहाँ वालों को लेना है."

"बंबई मी पाह्यली बी नाही," भागीरथाबाई म्हणाली. "मी नागपूर नाही पाह्यलं. मी दुर्ग पाह्यलं. हे पोरगं सवा महिन्याचं होतं, तवापासून अठी हाये."

"कागज पे भण्डारा है."

"आन् तुमी कोनते?"

त्यानं सांगितलं. कुठलं तरी दूर उत्तरेकडचं शहर, इथून दोन दिवसांच्या गाडीवरचं.

"कवा आले?"

"ढाई साल."

भागीरथाबाई माझ्याकडे वळली. "आयकलं बाई? हा पाळन्यात होता तवापासून मी अठी भात शिजवून राहिली. हा इथला. आन् मी बाहेरची!" कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. पण त्या पोऱ्याजवळ इथं राहत असल्याचा कागद होता. त्याच्याच साहेबानं सही करून दिलेला.

मग त्यानं नियम सांगितले. पंधरा वर्षं इथे राहत असल्याचा पुरावा आणा. घराचा नंबर आणा. पडावावर घराला नंबर कुठला? ती तर येण्याजाण्याची जागा, सरकारी लेखी तिथे कुणी राहतच नव्हतं. शाळेचा दाखला आणा. मी शाळेत धावले, रजिस्टर काढलं. प्रवेशाच्या दिवशी जानरावाला कुणी तरी विचारलं असणार, गाव कोणतं? आमच्याकडे गाव विचारलं की माणूस मूळ गाव सांगतो, राहती झोपडी कुणी सांगत नाही. रजिस्टरात डोंगरापलीकडचंच नाव होतं, राहण्याचा पत्ता म्हणून. तीस लाख टन माती उपसून कारखाना उभारणाऱ्या सरकारला एका पोराचं दुर्गातलं बावीस वर्षांचं राहणं सापडत नव्हतं.

आम्ही पुन्हा गेलो तेव्हा कारकुनानं आवाज खाली आणला. बिचारा त्याच्या परीनं मदतच करत होता, आणि त्याचा तर मला आणखी राग आला. त्यानं सांगितलं, फॉर्म भरताना चूक झाली असं लिहून द्या. मुलगा इथेच जन्मला असं आईनं शपथेवर सांगितलं तर नाव पुन्हा घालता येईल. शुक्रवारपर्यंत.

रस्त्यात मीच म्हणाले, "भागीरथाबाई, देऊन टाका शपथ."

ती थांबली. "बाई, काय बोलून राहिल्या तुमी? पयला पोरगा अठी पडावावर झाला म्हनू? म्हंजे मले न्यायले कोनी आलंच नाही? म्हंजे मी बिनमायची? माही माय जित्ती हाये, बाई! दर साल नवे तांदूळ घेऊन येते थे."

"नुसतं कागदावर हो."

"तुमीच म्हन्ल्या होत्या, कागदावर खोटं लिवू नये."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण धरणी असल्या कामाला येत नाही. मी मान खाली घालून चालत राहिले.

तीन दिवस तिनं काहीच कळवलं नाही. हिरालालनं आईला एका शब्दानं विचारलं नाही, हे नंतर शेजारणीनं सांगितलं. तो कामावर जायचा, भट्टीवर चढायचा, येऊन मुकाट्यानं जेवायचा. त्यानं भांडण केलं असतं तर भागीरथाबाई नाहीच म्हणाली असती, मी तिला ओळखते. पण त्या मुकेपणापुढे तिचं काही चालेना. गुरुवारी सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "चाला."

कचेरीबाहेर लिंबाखाली बसलेल्या अर्जनवीसानं हिंदीत मजकूर लिहिला. माझ्याकडूनही एक चिठ्ठी लिहून घेतली : 'फॉर्म भरणारीच्या अज्ञानामुळे जन्मस्थान चुकीचे पडले.' चाळिशीतली शिक्षिका, आयुष्यात एकदा खरं लिहिलं आणि त्याखाली अज्ञान म्हणून सही केली. करायलाच हवी होती.

शपथ देणारा साहेब म्हातारा होता, इथलाच, चार पावसाळे पाहिलेला. कागद वाचून त्यानं चष्मा काढला. "बाई, तुम लोगों में पहला बच्चा तो मायके में होता है. तुम्हारा यहाँ कैसे हुआ?"

एवढा प्रश्न कुणी विचारेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. भागीरथाबाई साहेबाकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

"मायका नहीं था, साहब."

"माँ-बाप?"

"बाप छोटेपन में मर गया." हे खरं होतं.

"और माँ?"

बाहेर कुणी तरी कुणाच्या नावाचा पुकारा करत होतं.

"माय बी मरली," ती मराठीतच म्हणाली. मग साहेबाला कळावं म्हणून हिंदीत पुन्हा म्हणाली. "माँ भी मर गयी. मेरी शादी के पहले."

साहेबानं मान हलवली, शाईची पेटी पुढे सरकवली. तिनं अंगठा उठवला.

कॅम्पात परतल्यावर ती झोपडीत गेलीच नाही. थेट विहिरीवर गेली आणि नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. एक बादली, दुसरी, तिसरी. आई गेल्याची बातमी आली की लेकीनं डोक्यावरून अंघोळ करायची असते आणि तीन दिवस सुतक पाळायचं असतं. तिनं पाळलं. तीन दिवस चूल पेटवली नाही. पंजाबी, उडिया, तेलुगू, सगळे ताटं घेऊन आले आणि रिकाम्या पोटी परतले. काय झालं म्हणून विचारलं तर सांगायची, "माय मेली." ती मोठी दांडगी माणसं तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली, कुणाकुणाचे डोळेही भरले. आणि तिकडे कोसमटोल्याला मैनाबाई धान झोडपत असणार, कारण दिवस सुगीचे होते.

हिरालालला टोकन मिळालं. एकोणसाठ साली भट्टी पेटली आणि त्याच वर्षी कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात, क्वार्टर. दोन खोल्या, नळ, मागे अंगण आणि दाराशेजारी काळ्या रंगात नंबर. भागीरथाबाईनं घर बघायला मला बोलावलं. मी गेले तो दिवस नेमका मैनाबाईच्या येण्याचा निघाला.

स्टेशनवरून विचारत विचारत ती म्हातारी चालत आली होती. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. नातवाचं पक्कं घर बघायचं म्हणून तोंडभर हसत होती. पायरीवर पाय ठेवणार तोच भागीरथाबाईनं दारात उभं राहून तिला थांबवलं. लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

"माय, आत येन्याआधी आयक. मी साहेबासमोर आन घेऊन सांगतलं, का तू मेली. त्याच्यानंच हे घर भेटलं."

मैनाबाईनं गाठोडं खाली ठेवलं. "कवा मेली मी?"

"माह्या लग्नाच्या पयले."

"मंग तुले हळद कोनं लावली? याची नाळ कोनं कापली?"

हिरालाल आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. दिवसभर दहा टन लोखंड बोटावर झुलवणारा माणूस, त्याचे दोन्ही हात खाली लोंबत होते. मैनाबाईनं आम्हा तिघांकडे पाहिलं. मग नेमकं मलाच विचारलं, "तुमी शिकलेल्या ना, बाई? तुमाले दुसरं काही लिवता नाही आलं?"

नाही आलं. वीस वर्षं लिहायला शिकवलं आणि नाही आलं.

भागीरथाबाईनं तिचे पाय धरले, आत ये म्हणून विनवलं. मैनाबाई चिडली होती, पण ओरडली नाही. "मेलेल्या मानसानं घरात पाय ठेवू नये. तुया नव्या घराले बरं नाही थे." पाणीसुद्धा तिनं अंगणातल्या नळाला ओंजळ लावून प्यायलं. तांदूळ पायरीवर ठेवले आणि दुपारच्या पॅसेंजरनं परत गेली.

त्यानंतर ती डोंगराच्या अलीकडे कधीच आली नाही. भागीरथाबाई दर वर्षी कोसमटोल्याला जायची. आई रांधून वाढायची, डोक्याला तेल लावायची, सगळं करायची. भिलाईचा विषय मात्र काढू द्यायची नाही. पुढे हिरालालचं लग्न झालं, सून मथुरा, तीही पलीकडचीच. तिला दिवस गेले तेव्हा हिरालाल म्हणाला, "आता कारखान्याचा दवाखाना हाये. अठीच होऊ दे, कागद तरी साफ राहीन." भागीरथाबाईनं चुलीतलं लाकूड उचललं. "एका टोकनासाठी मी माही माय मारली. आता तिची बी मारू?" सातव्या महिन्यात तिनं मथुराला स्वतः गाडीत बसवून माहेरी पोचवलं. कागद गेला उडत, म्हणाली.

सदुसष्टच्या भादव्यात मैनाबाई खरोखर गेली. निरोप सकाळी आला. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं आणि हिरालालला तीन दिवसांची रजा हवी होती. तोवर तो खलाशांचा जमादार झाला होता, कनिष्ठ मंडळी त्याला वचकून असायची. तो धावतच माझ्या घरी आला. मागोमाग भागीरथाबाई, ओल्या केसांची, हातात पिशवी. मी कागद घेतला. नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला.

"कारण लिहिते, आजीचं निधन."

"नको, बाई!" हिरालालनं माझा हात धरला. "आजी तं माह्या फाइलीत छत्तीसच्या आधीच मरली हाये. कोनी फाइल काढली तं? नोकरी जाईन."

त्याची फाइल कुणी काढणार नव्हतं. ती कुठल्या कपाटात आहे हेसुद्धा एव्हाना कुणाला माहीत नसेल. मला ते ठाऊक होतं आणि बहुधा त्यालाही. पण नऊ वर्षं रोज सकाळी गेटवर टोकन दाखवताना हा माणूस हीच भीती घेऊन आत जात होता, हे मला त्या क्षणी कळलं. रागानं माझ्या डोळ्यांपुढे कागद हलायला लागला. या शहराचा राग, त्या रेघेचा, त्या भांग पाडलेल्या पोराचा, माझा.

मी भागीरथाबाईकडे पाहिलं. ती दारातच उभी होती, तोंड रस्त्याकडे.

"लिवा काही बी, बाई," ती म्हणाली. "गाडी चुकून राहिली."

मी कारणाच्या जागी 'पोटदुखी' असं लिहिलं, आणि त्याच्यावर तीन दिवसांची रजा मंजूर झाली.